गंगाखेडचा जमाखर्च

मुंबईत नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणाला चौघांच्या खोलीत एका खाटेपुरती जागा मिळवण्यासाठी दरमहा जी रक्कम मोजावी लागते, त्या रकमेत परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या तालुक्याच्या गावी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे थोडेसे अंगण असलेले घर भाड्याने मिळते. भाजी शेतातून मंडईत आणि मंडईतून पिशवीत यावयास एका सकाळपेक्षा अधिक वेळ लागत नाही. आणि कामावर जावयाचे तर बहुतेकांना पायीच जाता येते. त्यावरून गंगाखेड हे राहावयास स्वस्त गाव आहे असा निर्णय कोणीही सहज देईल, आणि दुकानातील भावांपुरता तो खराही आहे. परंतु कुटुंबाचा जमाखर्च दुकानातल्या भावांवर संपत नाही. वर्षभराच्या खर्चाची वही उलगडून पाहिली, तर जे पैसे गावात वाचले ते गावाबाहेरच्या रस्त्यावर, दवाखान्यात, शिकवणीवर्गांत आणि पाण्याच्या टँकरवर कसे गेले हे दिसू लागते. स्वस्त गावाची किंमत अंतराच्या रूपाने फेडावी लागते, हे ध्यानात घेतल्यावाचून ग्रामीण भागातील राहणीमानाचा हिशेब जुळत नाही, असे माझे मत आहे आणि या प्रकरणात ते गंगाखेडच्या उदाहरणाने मांडावयाचे आहे.

गंगाखेड गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. परभणीहून परळी वैजनाथला जाणारी आगगाडी पोखर्णी नृसिंहाचे स्थानक मागे टाकून गोदावरीचा पूल ओलांडते आणि गंगाखेडच्या स्थानकात शिरते. परभणी येथून सुमारे ४० किलोमीटर, परळी सुमारे ३०, नांदेड सत्तर-पंचाहत्तर आणि लातूर शंभराच्या आतबाहेर. हे चार आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या सगळ्या हिशेबात तेच पुन्हा पुन्हा येणार आहेत. नदीकाठची जमीन काळी, भारी आणि ओल धरणारी. दक्षिणेकडे राणीसावरगाव-पिंपळदरीच्या बाजूस बालाघाटाचे डोंगर सुरू होतात आणि जमीन मुरमाड, बरड होत जाते. एकाच तहसिलीत काळ्या रानाचा शेतकरी ऊस लावतो आणि डोंगरपट्ट्यातील मजूर तोच ऊस तोडण्यासाठी शेकडो मैल दूर जातो. संत जनाबाईंचे हे जन्मग्राम, आणि गोदातीरामुळे ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाणारे क्षेत्र. त्यामुळे येथे यात्रेकरू येतात, अस्थिविसर्जनासाठी दूरदूरची माणसे येतात, आणि घाटावर पूजासाहित्य विकणाऱ्यांपासून भिक्षुकांपर्यंत अनेकांची पोटे त्यावर चालतात.

हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. त्या काळातील जमाखर्च हाली शिक्क्याच्या रुपयांत लिहिला जाई आणि ब्रिटिश हद्दीतील कलदार रुपये सहा घ्यावयाचे तर हाली रुपये सात मोजावे लागत. परंतु खेड्यातील बहुसंख्य कुटुंबांना कलदार काय किंवा हाली काय, रोख पैसा वर्षातून मोजक्याच प्रसंगी दिसे. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला बांधले जाई आणि त्याचा मोबदला बव्हंशी ज्वारीच्या मापाने ठरे; सुतार, लोहार, न्हावी यांचे बलुते खळ्यावरच मिळे; टंचाईच्या महिन्यांत सावकाराकडून उचललेले धान्य सुगीला सवाईने किंवा दिडीने परत करावे लागे. अशा व्यवस्थेत राहणीचा खर्च किती, या प्रश्नाला रुपयांत उत्तर देणे कठीण होते. आज धान्याचा मोबदला जवळजवळ गेला आहे आणि सालगड्याचे सालही रोख रकमेत ठरते. कुटुंब रोखीच्या व्यवहारात आले, तेव्हापासून महागाई त्याच्या दाराशी थेट येऊन उभी राहिली.

राहणीचा खर्च मोजण्याचे शास्त्र फार जुने नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकीतज्ज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाची छाननी करून दाखवले की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा. शेतीच्या उत्पन्नात किती घरांचा निर्वाह खरोखर होतो, हे शेतकऱ्याच्या अंगणात बसून विचारण्याची ती आपल्याकडची पहिली मोठी उदाहरणे होत. पुढे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा मांडली, ती १९६०-६१ च्या भावांनी ग्रामीण भागात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी होती. शहराचा खर्च खेड्याच्या दीडपट धरावा, हे गृहीत त्या दोन आकड्यांतच आहे.

अलीकडचे आकडे पाहू. २०२३-२४ च्या राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च ४,१४५ रुपये आणि नागरी भागातील ७,३६३ रुपये आढळला. सबंध देशाचा विचार करता ग्रामीण खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४७ टक्के, नागरी खर्चात सुमारे ४० टक्के. हे आकडे मोलाचे आहेत. परंतु त्यांतून एवढेच कळते की ग्रामीण माणूस कमी खर्च करतो. त्याला कमी लागते म्हणून तो कमी खर्च करतो, की जवळ नाही म्हणून, हे त्या सरासरीतून कळत नाही. महागाईच्या निर्देशांकाचेही असेच: तो एका ठिकाणचे भाव काल किती होते आणि आज किती झाले हे सांगतो, दोन गावांपैकी कोठे राहणे परवडते हे सांगत नाही. म्हणून आपल्याला वहीकडे वळावे लागते.

वहीतील पहिले पान अन्नाचे. भाकरी, वरण, ठेचा, हंगामाची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी हा येथील रोजचा आहार, आणि त्यातील मुख्य धान्य, रब्बीची ज्वारी, याच मातीत पिकते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, या ज्वारीचा ‘परभणी मोती’ आणि भेंडीचा ‘परभणी क्रांती’ असे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला पस्तीस किलो. आणि यादीबाहेरच्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांसाठी परभणीसह राज्यातील चौदा आपद्ग्रस्त जिल्ह्यांत धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा करण्याचे शासनाने २०२३ मध्ये ठरवले. यामुळे उपाशी झोपण्याची वेळ आता सहसा येत नाही, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळातील सुकडीवर दिवस काढले ते वृद्ध ही गोष्ट कृतज्ञतेने सांगतात. परंतु धान्य म्हणजे सगळे अन्न नव्हे.

एखाद्या वस्तीवरील किराणा दुकानातील उधारीची वही जवळून पाहावी. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे मळलेली ती लांबट वही असते; एका पानावर एका घराचे नाव, आणि त्याखाली पेन्सिलीने उतरलेल्या ओळी: चहापत्ती पुडी १०, तेल पाव किलो, साखर अर्धा किलो, साबण एक, बिस्किट ५, रिचार्ज. तेलाचा पंधरा किलोचा डबा ज्याला एकदम घेता येतो, त्याला किलोमागे जो भाव पडतो, त्याहून पाव किलो सुटे तेल नेणाऱ्याला अधिक पडतो. चहाच्या पुड्यांचेही तसेच. रोज थोडे थोडे घेणारे घर सबंध वर्षात तीच वस्तू चढ्या भावाने विकत घेते आणि सोयाबीनची रास होईपर्यंत त्या उधारीचे ओझेही वाहते. दुकानदाराला दोष द्यावा असे यात काही नाही. पाऊस ओढ घेतो तेव्हा तालुक्यातील कित्येक चुली या वह्यांच्या आधारावरच पेटत असतात. त्या वहीत व्याजाची ओळ नसते, ते भावातच असते.

घराविषयी अधिक सविस्तर लिहिण्याजोगे आहे. मराठवाड्यातील जुने घर म्हणजे माळवद: जाड दगडमातीच्या भिंती, सागवानी खण, वर कडब्याचा किंवा फळ्यांचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड लेप. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो तेव्हाही अशा घरातील मधल्या खोलीत दुपारची झोप लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडील अशीच जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. त्यानंतर सबंध मराठवाड्याच्या मनात माळवदाविषयी भय शिरले, ते रास्तही होते. शिवाय दर पावसाळ्यापूर्वी माती टाकून छप्पर निगुतीने राखणारे हातही कमी झाले. माळवदाची जागा ज्यांना परवडले त्यांच्याकडे स्लॅबने आणि बाकीच्यांकडे पत्र्याने घेतली. पत्र्याचे घर उभारणीस स्वस्त, पण उन्हाळ्यात दुपारी त्यात बसवत नाही. मग पंखा, मग कूलर, मग कूलरला पाणी आणि विजेचे देयक. भाड्याच्या पावतीत हा खर्च दिसत नाही, आणि भारनियमनाच्या दुपारी तो पैसे मोजूनही कामास येत नाही. आवास योजनेतून अनेकांची पक्की घरे झाली हे खरे. परंतु या हवामानाला सोसेल, भूकंपाला टिकेल आणि मजुराच्या आवाक्यात असेल अशा घराचा नकाशा अजून गावोगाव पोहोचावयाचा आहे, आणि माझ्या मते मराठवाड्यातील स्थापत्यविद्येपुढे याहून महत्त्वाचे दुसरे काम नाही.

आता पाणी. नदीकाठी वसलेल्या गावाला पाण्याची चिंता नसावी असे दूरच्या माणसाला वाटते. पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेव्हापासून गंगाखेडपाशी उन्हाळ्यात नदी वाहणे हे वरून पाणी सुटण्यावर अवलंबून राहिले. मुळी येथील बंधाऱ्यासारखे बंधारे पात्रात बांधले गेले ते या कोरड्या महिन्यांतील साठ्यासाठी. गावाच्या नळाची भिस्त ईसादजवळच्या मासोळी प्रकल्पावर, आणि तो भरतो डोंगरपट्ट्यातील पावसावर. ज्या वर्षी डोंगरात पाऊस झाला नाही, त्या वर्षी नळ किती दिवसांआड येईल याची चर्चा दसऱ्यापासूनच सुरू होते. २०१५-१६ हे तसे वर्ष होते: शेजारच्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र पाण्यावाचून बंद पडले होते आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले.

पाण्याचा खर्च घरोघर निरनिराळ्या रूपांत असतो. ज्याच्याकडे जागा आहे तो हौद बांधतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो कूपनलिका घेतो, आणि ती कोरडी निघाली तर तो पैसा मातीत जातो. मध्यम घर प्लॅस्टिकच्या टाक्या आणि पिण्यासाठी जार विकत घेते. आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, ते घर आपल्या बायकामुलींचा वेळ देते. नळ येणार त्या दिवशी रोजगार बुडवून घरी थांबावे लागते, आणि हा बुडालेला रोज पाणीपट्टीच्या पावतीवर कोणी लिहीत नाही. उलट बाजूने, ज्या गोदावरीला उन्हाळ्यात धार नसते तीच भाद्रपदात काठ सोडते. २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि अगदी अलीकडे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने जो महापूर पाहिला, त्यात उभी पिके आणि काही ठिकाणी शेताची मातीही गेली. एकाच तालुक्याला एका दशकात टँकर आणि होडी या दोहोंची तजवीज ठेवावी लागते, याचा अर्थ कुटुंबाला दोन निरनिराळ्या संकटांची बेगमी करावी लागते.

यानंतर अंतराचा हिशेब. सकाळी सातच्या सुमारास गंगाखेडच्या बसस्थानकावर परभणी आणि नांदेडच्या गाड्यांची वाट पाहणारी माणसे निरखावीत. एखादी वृद्धा पायरीवर बसलेली असते; मांडीवर एक्स-रेचे मोठे पिवळे पाकीट, शेजारी पिशवीत चादर, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. मुलगा तिच्यापासून चार हात दूर उभा राहून भ्रमणध्वनीवर सांगत असतो, “मामीला नांदेडला शरीक केलंय, मायला दाखवून तिकडंच जातो, दोन दिवस येणं होत नाही बघा.” गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, खाजगी दवाखानेही आहेत, ताप, बाळंतपण, साधा अस्थिभंग यांचे येथे निभावते. परंतु हृदय, मेंदू, मूत्रपिंड किंवा कर्करोग म्हटले की परभणी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर, आणि शेवटी छत्रपती संभाजीनगर किंवा सोलापूर-बार्शी असा प्रवास सुरू होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचे मोठे देयक पुष्कळांच्या डोक्यावरून उतरवले आहे. मात्र सोबतीच्या माणसाचे जेवण, त्याची बाहेर राहण्याची सोय, त्याचा बुडालेला रोज, तपासणीसाठी पुन्हा पुन्हा घालावे लागणारे हेलपाटे, रात्री-अपरात्री करावी लागलेली खाजगी गाडी, हे सारे कोणत्याही योजनेच्या बाहेर राहते, आणि बहुधा याच पैशासाठी शेळी विकली जाते किंवा दागिना गहाण पडतो.

या दृष्टीने एस. टी. चे तिकीट हा राहणीच्या खर्चातील फार मोठा घटक आहे. निजामाच्या राज्यात १९३२ मध्येच सरकारी मोटारवाहतूक सुरू झाली होती, आणि पुढे महाराष्ट्राच्या परिवहन महामंडळात तिचा मराठवाड्यातील भाग सामील झाला. त्यामुळे येथील माणसाला सरकारी गाडीची सवय जुनी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला, आणि त्यापूर्वीच्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला. वरील वृद्धेच्या घराला या दोन निर्णयांनी जेवढे हलके केले, तेवढे भाजी स्वस्त होण्याने केले नसते. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले तेव्हा त्याचा भार पुरुष मजुरांवर पूर्ण आणि स्त्रियांवर निम्मा पडला. २०२३ मध्ये परभणीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते पूर्ण क्षमतेने चालू लागेल तसतसा गंगाखेडच्या रुग्णाचा प्रवास नांदेडच्या निम्म्यावर येईल, आणि हीसुद्धा एक प्रकारची भावकपातच आहे.

शिक्षणाच्या बाबतीत अंतर याहून लांब पडते. गावात संत जनाबाईंच्या नावाचे महाविद्यालय आहे, शाळा आहेत आणि कष्टाळू शिक्षकही आहेत. तथापि मुलाने दहावीला चांगले गुण मिळवले की आईवडिलांच्या मनात लातूरचे नाव येते. तेथील शिकवणीवर्गांची फी, खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुस्तके असा दोन वर्षांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन हंगामांच्या निव्वळ प्राप्तीला गिळून टाकतो. शहरात राहणारे कुटुंब शिकवणीची फीच तेवढी देते, तालुक्यातील कुटुंबाला त्याखेरीज दुसरे बिऱ्हाड चालवावे लागते. गंगाखेडचे घरभाडे कमी असल्याचा जो लाभ, तो येथे एकदम वजा होतो.

हे केवळ आपल्याकडचे आहे असे नाही. अमेरिकेत काउंटी म्हणून ओळखले जाणारे तीन हजारांहून अधिक परगणे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ग्रामीण. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभ्यासक प्रत्येक परगण्यात एका कुटुंबाला किमान किती वेतन लागेल याची मोजदाद करतात. तिच्यात अन्न, घर, औषधोपचार, बालसंगोपन आणि वाहतूक ही कलमे स्वतंत्र धरलेली असतात. ग्रामीण परगण्यात घर स्वस्त असते, पण मोटारीवाचून दूध आणता येत नाही, कामावर जाता येत नाही. घरात कमावती माणसे दोन असतील तर मोटारीही दोन लागतात. २०१० नंतर त्या देशात शंभरांहून अधिक ग्रामीण रुग्णालये बंद पडली, आणि ज्या परगण्यातून रुग्णालय गेले तेथील गर्भवतीला प्रसूतीसाठी दूरचा प्रवास करणे भाग पडले. एवढ्या संपन्न देशातही घरभाड्यात वाचलेले पैसे रस्त्यावर जातात. फरक एवढाच की तेथे वाहतुकीचे कलम खर्चाच्या तक्त्यात उघडपणे मांडले जाते. आपल्या तालुक्यांची अशी स्वतंत्र मोजदाद व्हावयास हवी, आणि कृषी विद्यापीठ व नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ जवळ असताना ती अशक्यही नाही.

खर्चाचे पान झाले. जमेचे पान त्याहून लहान आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे रोख पीक सोयाबीन आणि कापूस. २०२४-२५ साठी सोयाबीनचा आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, आणि त्या हंगामात मराठवाड्यातील बाजार समित्यांचे सौदे पुष्कळ दिवस त्याखाली होत राहिले. पुढील वर्षी आधारभाव ५,३२८ झाला तेव्हा अतिवृष्टीने पीकच हिरावले. नुकसानीची दखल महसुली दफ्तरात पैसेवारीने घेतली जाते, आणि पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी आली की दुष्काळी सवलती लागू होतात. त्यामुळे गावनिहाय पैसेवारी किती निघते याकडे सारा तालुका डोळे लावून असतो. मजुराला रोजगार हमीचा आधार आहे, जो १९७२ च्या दुष्काळातून जन्मला आणि १९७७ च्या कायद्याने महाराष्ट्रात हक्क म्हणून मान्य झाला. केंद्राच्या योजनेखाली राज्यातील मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली.

डोंगरपट्ट्यातील कुटुंबांना तेवढ्यावर भागत नाही. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीने ट्रॅक्टरवर बसून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, असा येथील हिशेब. कारखान्याच्या फडाजवळ कोपी उभारून चार-पाच महिने काढावयाचे, पहाटे अंधारात तोड सुरू करावयाची, गाडी भरून द्यावयाची, आणि फिटलेल्या उचलीवर जे उरेल ते घेऊन पाडव्याच्या सुमारास परत यावयाचे. न फिटलेली उचल पुढच्या वर्षाच्या डोक्यावर राहते. कित्येकदा ही उचल लग्नासाठी, आजारासाठी किंवा कूपनलिकेसाठी आधीच खर्च झालेली असते. म्हणजे गावातील खर्च भागवण्यासाठी वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग गावाबाहेर राहावे लागते. ज्या गावी राहणे स्वस्त म्हणावयाचे, त्या गावी राहणेच ज्यांना परवडत नाही अशा माणसांची ही गोष्ट आहे, आणि मला ती या सबंध विषयातील सर्वांत दुःखद वाटते.

आणखी एक कलम वहीत कधी येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. सात शतकांपूर्वी दळण, कांडण, शेणी वेचणे, पाणी भरणे या श्रमांत विठ्ठलाला सोबती मानणाऱ्या जनाबाईंच्या गावी तरी या श्रमाची मोजणी व्हावयास हवी. गिरणी आली, गॅस आला. पण सिलिंडर महागल्यावर पुष्कळ घरांत तो चहापुरता राहतो आणि भाकरी तुराट्या-पळाट्यांवर भाजली जाते. रुपयांत न मोजलेल्या या मेहनतीमुळेच घरखर्च कमी दिसतो. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा पंधराशे रुपये येऊ लागले, तेव्हा त्यांतील बराचसा भाग औषध, मुलांच्या वह्या आणि दुकानातील उधारी यांकडे गेल्याचे बायकाच सांगतात.

असे असूनही माणसे गंगाखेड सोडून देत नाहीत, आणि याला केवळ नाइलाज म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात बारा तास राबून एका खोलीत परतणाऱ्या मुलाला येथे हुरड्याच्या दिवसांत शेतात बसलेली भावकी, दारावरून जाताना विचारपूस करणारी माणसे, मयतीच्या घरी न सांगता पोहोचणारी पिठलं-भाकरी आणि गोदेच्या घाटावरील संध्याकाळ मिळते. आजारी म्हातारीजवळ रात्री बसणारे शेजारी शहरात पैसे देऊन आणावे लागतात. राहण्यास योग्य गाव कोणते, याचा निवाडा करताना या गोष्टी जमेच्या बाजूस धरल्या पाहिजेत, आणि पूर्ण किमतीला धरल्या पाहिजेत.

मात्र निवडीचे स्वातंत्र्य ज्यांना आहे ते काय निवडतात, हेही पाहावे. पगार राज्यभर एकाच श्रेणीचा. घरभाडे भत्ता तेवढा लहान गावासाठी सर्वांत कमी दराचा, कारण शासनाच्या लेखी येथे घर स्वस्त. अशा स्थितीत नोकरदाराने गंगाखेडला बिऱ्हाड केले तर महिन्याकाठी त्याची चांगली शिल्लक पडावी. तरीही तालुक्यातील कार्यालये, शाळा आणि बँका यांतील पुष्कळ माणसे परभणी, परळी, लातूर किंवा नांदेडला घर करून अप-डाउन करतात. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे. परंतु मुलांची शाळा, आईवडिलांचा दवाखाना आणि नळाचे पाणी या तीन गोष्टी त्या नियमाहून प्रबळ ठरतात. त्यांचा पगार तालुक्यात मिळतो आणि जिल्ह्याच्या पेठेत खर्च होतो. म्हणून तालुक्यातील चांगल्या शाळेला फी देणारे पालक कमी पडतात आणि तज्ज्ञ डॉक्टराला दवाखाना थाटण्याइतके रुग्ण गावात दिसत नाहीत, कारण ज्यांच्यापाशी पैसे आहेत ते राहतातच दुसरीकडे. आणि तज्ज्ञ नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी काही बिऱ्हाडे परभणीला जातात, त्यांच्या मागे रिकाम्या झालेल्या खोल्यांचे भाडे गंगाखेडला आणखी थोडे उतरते.